६० बेडला नर्सेस किती लागतात, आणि क्वालिटी त्यात कुठे बसते

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं ६० बेडचं हॉस्पिटल, त्यात ८ आयसीयू, १६ स्पेशल-सेमीस्पेशल आणि ३६ जनरल. एनएबीएचचं (हॉस्पिटलांना क्वालिटीची मान्यता देणारी संस्था) एंट्री लेव्हल, म्हणजे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट करायचंय, कन्सल्टंट म्हणतोय सहा महिन्यांत सगळ्या फायली तयार करून देतो. नर्सिंग स्टाफ कागदावर ३४, पण दर महिन्याला दोघी-तिघी सोडून जातात. तर नर्सेस नक्की किती हव्यात, क्वालिटी मॅनेजर वेगळा नेमायचा का, स्टाफ टिकवायचा कसा, आणि शेवटी जाता जाता, नर्सिंग स्टेशनला सीसीटीव्ही लावला तर शिस्त येईल का.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून स्टाफ नर्स लागले त्याला आता २६ वर्षं झाली. पहिली बरीच वर्षं वॉर्ड आणि आयसीयू, मग इन्चार्ज, आणि मग मेट्रनबाईंनी "तुझं अक्षर चांगलंय" म्हणून क्वालिटीच्या टेबलावर ढकललं ते आजपर्यंत. त्यामुळे मी सांगते ते दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे, औषधाचा ट्रे हातात धरून पण आणि तपासणीला आलेल्या असेसरसमोर घाम पुसत पण.

कन्सल्टंटचं आधी सांगते. फायली लागतातच, त्याला इलाज नाही, एसओपी, मॅन्युअल, कमिट्यांची मिनिट्स, बीएमडब्ल्यूचं (बायोमेडिकल कचऱ्याचं) ऑथरायझेशन, फायर एनओसी, सगळं लागतं. पण असेसर आल्यावर तुमच्या एमडी (मॅनेजिंग डायरेक्टर) साहेबांशी चहा पिऊन झाला की तो सरळ वॉर्डात जातो आणि मावशींना विचारतो की रक्त सांडलं तर काय करता, आग लागली तर पहिलं काय, हा लाल पिशवीतला कचरा लालच पिशवीत का. मामांना विचारतो स्ट्रेचरवरून पेशंट नेताना काय बघता. आणि तिथे फाईल कामाला येत नाही. मावशीला उत्तर यायला ती मावशी निदान वर्षभर तिथे टिकलेली पाहिजे ना. म्हणून तुमचे तीन प्रश्न मला वेगळे वाटतच नाहीत, क्वालिटी तुमच्या ड्युटी लिस्टमध्ये असते, कपाटात नसते.

आता आकडा. सगळे विचारतात "रेशो काय?" आणि मग कुणीतरी ६ ला १ म्हणतं आणि ६० भागिले ६ म्हणजे १०, तीन शिफ्ट म्हणजे ३०, आमच्याकडे तर ३४ आहेत, झालं. हा हिशोब मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आता हसू पण येत नाही.

निकष कुठून येतात ते बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना निकष म्हणजे टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स, बाकीच्या हॉस्पिटलांत ५ मागे १, आयसीयूत १ ला १, आणि वरून ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह (रजेवर असणाऱ्यांच्या जागी जादा स्टाफ). केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा जनरल वॉर्डचा ६ मागे १, पण त्यांनी वरचे ४५ टक्के धरलेत कारण नर्सेसचे ऑफ, रजा, मॅटर्निटी लीव्ह हे सगळं त्यात मोजलंय. लोक तो ६ उचलतात आणि ४५ टक्के तिथेच ठेवून येतात. आणि रेशो बघायचा तो प्रत्येक शिफ्टचा बरं, पगारपत्रकाचा नाही. पगारपत्रकावरच्या ३४ जणींना बेडने भागून जो रेशो निघतो त्याला काही अर्थ नाही, त्या ३४ मधली एक बाळंत झालीये, दोघी ऑफवर आहेत, चौघी नाइट करून झोपल्यात.

माझा हिशोब असा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातले ५२ वीकली ऑफ गेले, सीएल, पीएल, सणाच्या सुट्ट्या, आजारपण मिळून साधारण ४१ धरा (तुमच्याकडे कमी देत असाल तर ते कमी देणंच सोडून जायचं एक कारण आहे, त्यावर नंतर येते). म्हणजे एक बाई वर्षात २७२ दिवस हजर. ३६५ ला २७२ ने भागा, १.३४. म्हणजे एका शिफ्टला एक जागा रोज भरायला १.३४ माणसं, आणि चोवीस तास तीच जागा भरायची तर तिप्पट, जवळजवळ चार. एका जागेला चार माणसं, एवढं लक्षात ठेवलं तरी मालकांशी बोलताना उपयोगी पडतं.

आता तुमचं ६० बेड, सरासरी ७५ टक्के भरलेलं धरते. आयसीयूत ६ पेशंट, दोन व्हेंटिलेटरवर त्यांना १ ला १, बाकी चौघांना २ मागे १, म्हणजे तिन्ही शिफ्टला ४ जणी. आयसीयूत रात्र-दिवस फरक करायचा नाही. जनरलला २७ पेशंट, सकाळी ५, संध्याकाळी ४, रात्री ३. स्पेशलला सकाळी २, संध्याकाळी २, रात्री १. कॅज्युअल्टी प्रत्येक शिफ्टला १. बेरीज सकाळ १२, संध्याकाळ ११, रात्र ९, दिवसाच्या ३२ ड्युट्या. त्याला १.३४ ने गुणा, ४३. त्यात दोन टेबलांच्या ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) ५, मेट्रन एक, इन्फेक्शन कंट्रोल नर्स एक. ५० झाल्या. आणि बघा, यात रात्री जनरलला एका नर्सकडे ९ पेशंट आलेत, म्हणजे ६ चा निकष मी पण मोडलाच आहे, ही काटकसर करूनची संख्या आहे.

तुमच्याकडे ३४. आणि त्या ३४ मध्ये महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं चालू रजिस्ट्रेशन किती जणींचं आहे ते आज जाऊन बघा, रिन्यूअल झालेलं आहे का ते पण बघा. जीएनएम किती, एएनएम (त्याहून कमी मुदतीचा नर्सिंग कोर्स) किती, आणि सहा महिन्यांचा कसलातरी कोर्स केलेल्या "ट्रेन्ड" मुली किती. गावाकडच्या हॉस्पिटलांत या मुलींवर अर्धं काम चाललेलं असतं आणि मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यातल्या काही इतक्या हुशार असतात की शिकल्या असत्या तर मेट्रन झाल्या असत्या. पण इंजेक्शनची जबाबदारी तिच्यावर टाकून तिला नर्स म्हणून मोजणं, हे तिच्यासाठी पण धोक्याचं आहे. उद्या काही झालं तर पोलीस स्टेशनला तीच उभी राहणार.

भंडाऱ्याचं आठवतंय ना, ९ जानेवारी २०२१, मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, १७ बाळं होती, १० गेली, ७ वाचवली. वायरिंग, फायरची यंत्रणा, कितीतरी गोष्टींवर बोललं गेलं, आणि पुढच्या महिन्यात ड्युटीवरच्या दोन नर्सेसवर गुन्हा दाखल झाला. कोण चूक कोण बरोबर हे कोर्टाचं काम, मला त्यात पडायचं नाही. मी फक्त एवढंच म्हणते की रात्री दोन वाजता त्या मजल्यावर किती माणसं जागी आहेत आणि त्यांना दरवाजे कुठे उघडतात ते माहिती आहे का, हा प्रश्न मालकांनी स्वतःला विचारायचा असतो, आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत कारण रात्री दोन वाजता ते तिथे नसतात.

नर्स कमी असली की पेशंटचं खरंच बिघडतं का, की हे आम्हा नर्सेसचं रडगाणं? याचं उत्तर जुनं आहे. अमेरिकेत लिंडा एकेन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास केला होता, २००२ ला आला, त्यात एका नर्सकडे एक पेशंट वाढला की सर्जरीच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढताना दिसली होती. कॅलिफोर्नियाने तर २००४ पासून रेशो कायद्यानेच लागू केला. आपल्याकडची हॉस्पिटलं वेगळी, पेशंटसोबत नातेवाईक असतात, निम्मी सेवा सूनबाई करते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण दिशा तीच आहे.

आणि तुमच्याच हॉस्पिटलात हे बघायचं असेल तर अभ्यास वगैरे नको, एक दुपार पुरते. एका हॉस्पिटलात मी असताना, नाव नाही सांगत, पेशंट पडायचे. महिन्याला एखाद-दुसरा, कधी बाथरूमच्या दारात तर कधी बेडच्या शेजारी, एका आजींचं तर खुब्याचं हाड मोडलं. दर वेळी रूट कॉज म्हणून लिहिलं जायचं "स्टाफचे दुर्लक्ष" आणि करेक्टिव्ह ॲक्शन म्हणून "स्टाफला सूचना देण्यात आली". सूचना देऊन देऊन मेट्रनचा घसा बसला. मग एकदा मी सगळे फॉर्म टेबलावर पसरले आणि शेजारी त्या-त्या तारखेची ड्युटी लिस्ट ठेवली, दुसरं काही केलं नाही. बहुतेक सगळे पहाटे पाच ते सात. का? कारण नाइटची सिस्टर एकटी, पाच वाजल्यापासून तिला सगळ्यांचे टीपीआर (ताप, नाडी, श्वास), सकाळचे ब्लड सँपल, सहाची इंजेक्शनं, शुगर, ओटीचे पेशंट तयार करायचे, इनपुट-आउटपुटची बेरीज, आणि आठला पुढच्या शिफ्टला ओव्हर द्यायची म्हणून नोट्स पूर्ण. आणि नेमकं त्याच वेळी सगळा वॉर्ड उठून संडासला निघतो. नाइटच्या मावशी पाचला वॉर्ड पुसायला घेतात, म्हणजे फरशी पण ओली! आम्ही काय केलं, पुसायचं काम साडेसातनंतर नेलं, मॉर्निंगच्या दोन मावशींपैकी एकीची ड्युटी पाचला सुरू केली आणि तिला काम एकच, उठणाऱ्याला धरून नेणं, आणि लॅबवाल्याला सांगितलं की सँपल तुमचा माणूस येऊन घेईल. लॅबवाला कुरकुरला. पण पडणं जवळजवळ थांबलं. एकही नवीन नर्स घेतली नव्हती.

म्हणून म्हणते, इंडिकेटर (क्वालिटी मोजायचे आकडे) सुटे बघू नका. पडणं, बेडसोअर, मेडिकेशन एरर, कॅथेटरचं इन्फेक्शन, आयसीयूत परत यावं लागणं, हे सगळं तुम्हाला काढावंच लागणार, आणि नर्स-पेशंट रेशो हा स्वतःच एनएबीएचच्या इंडिकेटरमध्ये आहे. पण तो रेशो बहुतेक ठिकाणी महिन्याची सरासरी काढून भरतात. महिन्याच्या सरासरीत पहाटेचे पाच दिसत नाहीत, दिवाळीची नाइट दिसत नाही. शिफ्टप्रमाणे काढा.

दुसरी गोष्ट, खोटे आकडे. कुठलंही हॉस्पिटल मला म्हणालं की आमच्याकडे वर्षभरात शून्य मेडिकेशन एरर, की मी समजून जाते की इथे लोक घाबरलेले आहेत. याला कारण बहुतेक वेळा एखादा मेमो असतो. एका ठिकाणी नवीन लागलेल्या मुलीने रात्री स्वतःहून येऊन सांगितलं की सिस्टर, मी केसीएलचा (पोटॅशियम क्लोराईडचा) अँप्युल उचलला होता, सिरिंजमध्ये भरला पण होता, लेबल परत वाचलं म्हणून वाचले. केसीएल थेट शिरेत गेलं असतं तर पेशंट तिथेच गेला असता. त्या मुलीचा सत्कार करायला हवा होता. मॅनेजमेंटने मेमो दिला, "निष्काळजीपणा". त्यानंतर त्या रजिस्टरमध्ये कितीतरी महिने एक ओळ आली नाही, आणि मीटिंगमध्ये साहेब म्हणाले बघा, मेमोचा परिणाम. वॉर्डच्या कपाटात केसीएल मात्र तिथेच, दुसऱ्या अँप्युलच्या शेजारी, तशाच खोक्यात. करायचं काय होतं, तर वॉर्डातून कॉन्सन्ट्रेटेड केसीएल काढून टाकायचं, ठेवायचंच तर आयसीयूत, वेगळ्या कुलपात, लाल लेबल लावून, आणि द्यायच्या आधी दोघींनी वाचायचं. आणि दोघींनी वाचायचं म्हटलं की रात्री दोघी लागतात. परत ड्युटी लिस्टवरच आलो.

हँड हायजीनचं ऑडिट पण तसंच, ९५ टक्के, ९८ टक्के. मी ते शीट बघतच नाही. स्टोअरला विचारते की हँडरबच्या बाटल्या किती गेल्या. डब्ल्यूएचओच्या हिशोबात दर १००० पेशंट-दिवसांना निदान २० लिटर जायला हवं. तुमचे ४५ पेशंट, महिन्याचे १३५० पेशंट-दिवस, म्हणजे २७ लिटर, अर्ध्या लिटरच्या ५४ बाटल्या. स्टोअरच्या रजिस्टरला १२ निघाल्या तर ९८ टक्के कुठून आले ते तुम्हीच ठरवा.

आता टिकवायचं कसं. पगार पहिला, उगीच दुसरं काही सांगत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती, तिने म्हटलंय की २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, १०० च्या वर असेल तर जास्तीत जास्त १० टक्के कमी, ५० ते १०० बेडला जास्तीत जास्त २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असलं तरी २० हजारांच्या खाली नको. तुम्ही ६० बेड, म्हणजे सरकारीच्या पाऊणपट. आपल्याकडे सरकारी अधिपरिचारिकेचं बेसिकच ३५,४०० ला सुरू होतं. हे मालकांना सांगितलं की ते म्हणतात ह्या शिफारशी आहेत, कायदा कुठाय. बरोबर आहे. पण मग मुलगी सरकारी भरतीची जाहिरात आल्यावर जाते तेव्हा आश्चर्य वाटायला नको. ती जाणारच. गल्फला जाणार, जर्मनीची भाषा शिकून तिकडे जाणार, ज्या दोन वर्षं अनुभव घ्यायलाच आल्यात त्यांना अडवायचा विचारच सोडा.

आणि कृपा करून ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवून ठेवू नका. अजून चालतं हे, बाँड लिहून घ्यायचा आणि ओरिजिनल कपाटात. त्याने बाई दोन महिने जास्त थांबते आणि ते दोन महिने ती कसं काम करते ते मी सांगायला नको. वर पुढच्या बॅचच्या मुलींना कॉलेजमध्ये आधीच कळलेलं असतं की तिकडे जाऊ नका.

पगार एकदम वाढवता येत नसेल, छोट्या हॉस्पिटलांची पण गणितं असतात मला कळतंय, तर फुकटातल्या किंवा स्वस्तातल्या गोष्टी आधी करा. मी सोडून जाणाऱ्या मुलींशी बसून बोलते, राजीनाम्यात सगळ्या "वैयक्तिक कारण" लिहितात, आणि बोलायला लागल्या की निघतं ते हे. ऑफ ऐनवेळी कॅन्सल करणं. ड्युटी लिस्ट शनिवारी रात्री लावणं, सोमवारपासूनची. नाइट सहाच्या नऊ होणं. डबल ड्युटीचे पैसे पुढच्या महिन्यात, मग त्याच्या पुढच्या. पेशंटच्या नातेवाईकाने शिवी दिली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर नर्सलाच झापलं. लिस्ट पंधरा दिवस आधी लावा आणि ऑफला हात लावू नका, लावलाच तर त्याच आठवड्यात परत द्या, एवढ्याने पण फरक पडतो, मी पाहिलाय.

मग नर्स जे नर्सचं नाही ते किती करते ते मोजा. एक दिवस एखाद्या शहाण्या मुलीला वही देऊन सिस्टरच्या मागे फिरवा. फार्मसीत औषध आणायला जाणं, परत करायला जाणं, टीपीएच्या (मेडिक्लेमच्या) कागदांवर सह्या गोळा करणं, बिलिंगवाल्याचा फोन, कन्सल्टंट डॉक्टरांच्या राउंडला मागे फिरणं आणि त्यांचा मोबाईल धरणं (हो, हसू नका), एक्सरेला पेशंट घेऊन जाणं. सकाळच्या शिफ्टचा केवढा तरी वेळ यात जातो. फार्मसीने औषध वॉर्डात पोचवायचं ठरवलं, एक मामा नेमला, एक वॉर्ड सेक्रेटरी ठेवली, तर तुम्हाला एका नर्सच्या पगारात दोन नर्सेसचा वेळ परत मिळतो. ५० आणि ३४ मधलं सगळं अंतर भरतीने भरायचं नाहीये. माझ्या मते ८-१० भरती, बाकी काम हलवून. आणि अगदीच नसेल भरता येत तर सहा जनरल बेड बंद ठेवा. हे कुणाला आवडत नाही, पण नर्स नसलेला बेड हा बेड नसतो.

नवीन मुलीला पहिल्या दीड महिन्यात एकटीला नाइट देऊ नका, आयसीयूत तर नाहीच. तिच्यासोबत एक जुनी सिस्टर लावा, आणि त्या जुन्या सिस्टरला शिकवायचे महिन्याला हजार-पंधराशे तरी द्या, नुसतं "तुम्ही सीनियर आहात" म्हणून गळ्यात घालू नका.

क्वालिटी मॅनेजर. हो, वेगळा माणूस हवा, पूर्णवेळ. इन्फेक्शन कंट्रोल नर्स ती वेगळी, तिलाच क्वालिटी आणि तिलाच स्टोअर देऊ नका, सगळीकडे हेच करतात. एमएचए (हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची पदवी) झालेली मुलं-मुली हुशार असतात, एक्सेल छान करतात, आणि मोठ्या हॉस्पिटलला ती लागतातच. पण तुमच्या ६० बेडला, मला विचाराल तर, तुमच्याच इथली आठ-दहा वर्षं झालेली एखादी इन्चार्ज सिस्टर उचला, जिला मावशी घाबरत नाहीत आणि डॉक्टर थोडे घाबरतात अशी. एक्सेल तीन महिन्यांत शिकेल. तिने रिपोर्ट थेट एमडींना करायचा, ॲडमिनला नाही, कारण अर्ध्या वेळा तिचं म्हणणं ॲडमिनच्या बजेटच्याच विरोधात असणार. राग मानू नका, तुम्हीच ॲडमिन आहात बहुतेक.

एक राहिलं, ५० बेडपर्यंतच्या छोट्या हॉस्पिटलांची एनएबीएचमध्ये कॅटेगरी वेगळी आहे, तुम्ही ६० म्हणजे तिच्यात बसत नाही. कुणी सुचवेल की कागदावर ५० दाखवू. नर्सिंग होम रजिस्ट्रेशनवर ६० असताना असलं काही करू नका.

सीसीटीव्ही. कॉरिडॉरला, जिन्याला, कॅज्युअल्टीच्या दारात लावा, मारामारी झाली तर तुमच्याच स्टाफला आधार होतो. नर्सिंग स्टेशनवर शिस्तीसाठी म्हणून लावलात तर पहिल्या आठवड्यात सगळ्या बसायच्या थांबतील आणि नोट्स उभ्याने खरडतील, बाकी काही होणार नाही. पण लावलेलाच असेल आधी, तर एक करा, एमडी साहेबांना कुठल्याही एका रात्रीचं साडेचार ते साडेसातचं जनरल वॉर्डचं फुटेज पूर्ण बघायला बसवा, पुढे पळवायचं नाही, तीन तास. सोबत त्या रात्रीची ड्युटी लिस्ट द्या हातात. ८-१० नर्सेसच्या भरतीचा कागद त्याच दिवशी सहीला न्या.